नेटवर वरचा नंबर म्हणजे विद्यापीठ चांगलं?

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्या दुकानात बसायला जागा नसते. दुकान म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र, गावात सगळे सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीक विमा, आणि या दिवसांत कॉलेजचे फॉर्म. आमचा भाग वर्धा नदीच्या काठचा. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणून विद्यापीठ अमरावती. पलीकडे वर्धा जिल्हा, तिथलं विद्यापीठ नागपूर. थोडं खाली उतरलं की पलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो, तो गोंडवाना विद्यापीठात. डोंग्यात बसून विद्यापीठ बदलता येतं म्हणा ना.

परवा एक काका आणि त्यांची मुलगी आली. मुलगी बारावी सायन्स, तिला बी.एस्सी. करायचं. काकांनी तिच्या हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला.

"भाऊ, पोट्टी दाखवू रायली का हे युनिव्हर्सिटी लय वरच्या नंबरात हाय. फी पहा बरं. एवढी फी हाय म्हंजे काहीतरी असनच न?"

"बाबा, ही जाहिरात नाही, रँकिंग आहे," मुलगी म्हणाली.

मी यादी पाहिली. एक मोठ्या शहरातलं खासगी विद्यापीठ वर होतं आणि आपल्याकडची जुनी सरकारी विद्यापीठं बरीच खाली. यादी कुणीतरी दुसरीकडून उचलून चिकटवलेली होती. म्हणून मूळ पान शोधलं आणि पार खालपर्यंत गेलो. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा क्रम वेबसाइटच्या लोकप्रियतेवर लावला आहे, शिक्षणाच्या दर्जावर नाही. उचलणाऱ्याने यादी उचलली, ही ओळ तिथेच सोडली.

तिला तेव्हा जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो. मागे दहा माणसं रांगेत उभी असताना नीट सांगता येत नाही.

नेटवरच्या लोकप्रियतेवरून विद्यापीठांचा क्रम लावणाऱ्या याद्या आजच्या नाहीत. स्पेनमधल्या एका सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने २००४ साली वेबोमेट्रिक्स नावाची क्रमवारी सुरू केली. ती वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत निघत आली आहे. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत निम्मे गुण एकाच गोष्टीला आहेत: बाहेरच्या किती वेबसाइट तुमच्या वेबसाइटकडे बोट दाखवतात. उरलेले निम्मे तुमच्या प्राध्यापकांच्या संशोधनाचा इतर संशोधकांनी किती उल्लेख केला यावर. दुसरी यादी युनिरँकची, साधारण तेव्हाचीच, २००५ पासूनची. तिच्यात संशोधन वगैरे काही नाही, फक्त साइटवर किती गर्दी आणि साइटकडे किती दुवे, म्हणजे लिंक. ही मंडळी स्वतःच सांगतात की आमची यादी शैक्षणिक दर्जाची नाही. म्हणजे त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. फसगत पुढे होते, यादी फॉरवर्ड होता होता.

आता दुवे मोजण्यामागचं डोकं समजून घेऊ, कारण कल्पना खरोखर हुशारीची आहे. घरात सोयरीक जुळवायची असते तेव्हा आपण काय करतो? मुलाच्या गावात चौकशी करतो. पानटपरीवरचा म्हणतो, "चांगले लोक आहेत." ठीक. पण ज्या मास्तरांना दहा गावं मानतात ते म्हणाले, "डोळे मिटून द्या," तर त्या एका शब्दाचं वजन टपरीवरच्या वीस जणांपेक्षा जास्त. आणि मास्तरांना वजन का, तर त्यांना मानणारे लोकही वजनदार. स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी नेमकं हेच गणितात बसवलं आणि १९९८ साली त्यावर गूगल उभं केलं. एका पानाने दुसऱ्या पानाला दुवा दिला की ते एक मत. मत देणाऱ्याला स्वतःला जितकी भारी मतं, तितकं त्याचं मत भारी. हा हिशोब त्यांना सुचला तोही विद्यापीठांच्याच जगातून, कुठल्या शोधनिबंधाचा किती जण हवाला देतात ते मोजायच्या पद्धतीवरून.

सोयरिकीच्या चौकशीत घराण्याचं नाव कळतं. मुलगा रोज काय करतो ते कळत नाही. दुव्यांच्या हिशोबाचंही तसंच आहे.

त्यात वय आडवं येतं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, अमरावती १९८३ चं, गोंडवाना २०११ चं. शंभर वर्षांत ज्याच्याकडून वकील, मंत्री, शास्त्रज्ञ, संपादक शिकून गेले, त्याचं नाव हजारो पानांवर आपोआप येतं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचे पहिले पदवीधर अजून चाळिशीतही नाहीत. शिवाय नावाची भानगड वेगळी. गोंडवाना शोधलं की आधी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा तो अख्खा खंड निघतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून दिलं, पण शोधात पुढे तो राहतो आणि विद्यापीठ मागे. नागपूर विद्यापीठाला २००५ साली तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. आता कुणी पूर्ण नाव लिहितो, कुणी आद्याक्षरं, कुणी नुसतं नागपूर विद्यापीठ. यंत्राला हे सगळं एकच आहे हे कुणीतरी बसून शिकवावं लागतं.

मोजणी वेबसाइटच्या पत्त्यावर होते, हेही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात सगळे विभाग एकाच पत्त्याखाली नांदतात. आपलं विद्यापीठ म्हणजे शेकडो संलग्न कॉलेजांचं एकत्र कुटुंब, आणि प्रत्येक कॉलेजची चूल वेगळी, साइट वेगळी. कॉलेजातल्या एखाद्या मॅडमनी केलेल्या कामाचा दुवा कॉलेजच्या साइटला जातो. विद्यापीठाच्या खात्यात तो पडतच नाही.

हे झालं दुव्यांचं. गर्दीबद्दल मात्र मला अनुभवाचं सांगता येईल.

कॉलेजं संलग्न असलेल्या कुठल्याही विद्यापीठाच्या निकालाचा दिवस आठवा. सकाळी अकराला निकाल लागणार असं कळलेलं असतं. साडेदहापासून माझ्याकडे पोरं उभी. अकराला साइट उघडत नाही. मी एफ-फाइव्ह दाबतो. पांढरं पान. पुन्हा दाबतो, गोल फिरत राहतं. बाजूच्या कॉम्प्युटरवर माझा भाचा दाबतो आहे, दारातली पोरं आपापल्या मोबाइलवर दाबताहेत, आणि हे सगळं जिल्ह्याजिल्ह्यांत एकाच वेळी चाललेलं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एकच पान तीनशे वेळा तरी उघडलेलं असतं. गर्दी मोजणाऱ्या यंत्राच्या हिशोबात हे काय झालं? प्रेम! लोक या विद्यापीठावर तुटून पडले आहेत म्हणे. पुढच्या आठवड्यात फेरमूल्यांकनाचे फॉर्म, की पुन्हा तीच लोकप्रियता. मार्कशीटवर नाव चुकलं तर त्या बिचाऱ्याचे आणखी दहा फेरे. तहसीलमध्ये रोज गर्दी असते, म्हणून तहसील लाडकं आहे असं आपण म्हणत नाही.

उलटंही होतं. माझ्या एका कॉम्प्युटरवरून एका हंगामात कितीतरी मुलांचे फॉर्म जातात. मोजणाऱ्याला तो एकच कॉम्प्युटर दिसतो. एकाने वेळापत्रक उतरवून घेतलं की फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि साठ जण तिथेच वाचतात. साइटवर गेला एकच. नदीकाठच्या एखाद्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, तिथला मुलगा साइट चाळत बसत नाही.

आणि बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या साइटवरची गर्दी थेट मोजता येत नाही, ती अंदाजाने काढावी लागते. अॅमेझॉनची अॅलेक्सा नावाची सेवा वर्षानुवर्षं साइटचे जागतिक क्रमांक सांगायची आणि कितीतरी याद्या त्या आकड्यांवर चालायच्या. ते आकडे यायचे मुख्यतः ज्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये विशिष्ट जोडणी बसवली होती अशा लोकांच्या वापरावरून. आता सांगा, आमच्या तालुक्यात अशी जोडणी बसवणारा कोण? मी स्वतः वीस वर्षं कॉम्प्युटर हाताळतो आहे, मीही बसवली नाही. १ मे २०२२ ला ती सेवा बंद झाली. बाकीचे मोजणारेही नमुन्यावरून अंदाजच बांधतात. चार शेतांतली बोंडं मोजून सगळ्या तालुक्याचं उत्पन्न सांगण्यासारखं आहे ते. शेतं नीट निवडली तर जमतं, पण चारही शेतं रस्त्याच्या कडेची ओलिताची निघाली तर कोरडवाहूवाल्याचं काय?

इथे मुलगी म्हणाली, आणि तिचा मुद्दा खरा होता, "दादा, पण एवढे लोक ज्याला चांगलं म्हणतात ते वाईट कसं असेल?"

याच प्रश्नावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी तो २००६ साली छापला. त्यांनी कुणी न ऐकलेली ४८ गाणी घेतली आणि चौदा हजारांवर लोकांना नेटवर ऐकवली. आवडलं तर उतरवून घ्या म्हणाले. काही लोकांना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवलं ते दिसत होतं. गाणी तीच, माणसं सारखीच, तरी आठ गटांत आठ वेगळे क्रम लागले. सुरुवातीला चार जणांनी उचललं ते गाणं पुढे उचललंच जात राहिलं. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टाकाऊ सहसा वर आलं नाही. मधल्या गाण्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

मला यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. जगातलं पहिलं किंवा दुसरं विद्यापीठ कुठलं हे लोकप्रियतेवरूनही बहुधा बरोबरच निघतं. वेबोमेट्रिक्समध्ये हार्वर्ड वर असतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. विकिपीडियाच्या २४ भाषांतल्या पानांचे आपसातले दुवे मोजून काहींनी विद्यापीठांची यादी केली होती. तिच्यातली पहिली शंभर आणि संशोधनावर चालणाऱ्या शांघायच्या प्रसिद्ध क्रमवारीतली पहिली शंभर ताडून पाहिली तर साठेक नावं दोन्हीकडे सारखी निघाली. (त्या २४ भाषांत हिंदी होती. मराठी नव्हती.) पण आमच्या पोरांना हार्वर्ड आणि ऑक्सफर्डमधून निवडायचं नसतं. त्यांना निवडायचं असतं त्या अफाट मधल्या ढिगातून, जिथे क्रम कसाही लागू शकतो.

मोजमाप कळलं की लोक मोजमापालाच खाऊ घालायला लागतात, ही आणखी एक अडचण. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. कापूस वजनावर विकला जातो म्हटल्यावर गाडीत भरताना पाणी मारणारे निघाले. मग खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र आलं. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं कापूस महामंडळ, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्यावर बारापर्यंत कापून देते, बाराच्या वर घेत नाही. शिवाय ग्रेडर मूठभर कापूस घेऊन चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहतो. गाडीभोवती किती माणसं जमली ते तो पाहत नाही. वेबसाइटचं पाणी म्हणजे विकत घेतलेले दुवे, साइटवर रोज उगाच टाकलेला मजकूर, फ्रेशर्स पार्टीच्या रील. गूगल असले विकतचे दुवे पकडतं, पण रील पकडण्यासारखा गुन्हा थोडाच आहे.

एवढं ऐकून वाटेल की मी लोकप्रियतेच्या साफ विरोधात आहे. तसं नाही. या मोजणीतून एक तक्रार अगदी रास्त निघते आणि ती आपल्या विद्यापीठांनी ऐकायला पाहिजे. वेबोमेट्रिक्स सुरू करणाऱ्यांचा हेतूच तो होता: विद्यापीठांनी आपलं ज्ञान कपाटातून काढून नेटवर सगळ्यांसाठी ठेवावं. ज्याने ठेवलं त्याला दुवे मिळतात. आपल्याकडे २००९ च्या नियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या एका ठिकाणी चढवण्याची पद्धत सुरू झाली, चांगली गोष्ट. पण कितीतरी साइटवर अभ्यासक्रम अजून तिरका स्कॅन केलेला, अक्षर न लागणारा. विभागात कोण शिकवतं, कशावर काम करतं, पत्ता नाही. तिथे नंबर खाली गेला तर तो न्यायच आहे, माझ्या मते.

पण जे काम नेटवर चढतच नाही त्याचं काय? अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. त्याच्या शिवार फेरीला गावोगावचे शेतकरी येतात, वाफ्यात उभे राहून नवं वाण पाहतात, ओंबी हातात घेतात आणि घरी जाऊन पेरतात. कुणी त्याचा दुवा देत नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालयही १९६९ चंच. तिथली प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते, मुलं त्या गावात जाऊन राहतात, घरोघर फिरतात. ज्या म्हातारीचा रक्तदाब तपासला तिच्या आशीर्वादाला पत्ता नसतो, तो मोजायचा कसा?

"मंग सरकारी यादी पहा न," काका म्हणाले. सरकारी यादी आहे. एनआयआरएफ. २०१५ साली जाहीर झाली, पहिली क्रमवारी २०१६ ला. विद्यापीठांसाठी शंभरातले ३० गुण शिकवणं आणि साधनांना, ३० संशोधनाला, २० मुलांचं पुढे काय झालं याला, १० समावेशकतेला. आणि उरलेले १०? लोकांत नाव कसं आहे याला. म्हणजे लोकप्रियता इथेही थोडी आहेच. परदेशी क्यूएसच्या यादीत तर जवळपास निम्मी: प्राध्यापकांच्या मतांना ३० टक्के, नोकरी देणाऱ्यांच्या मतांना १५. त्या मानाने आपली यादी बरी.

आकडे भरून दिलेल्या याद्याही धुतल्या तांदळासारख्या नसतात. कोलंबिया म्हटलं की आपल्याकडे आधी बाबासाहेब आठवतात. त्याच कोलंबियाचा अमेरिकेतल्या एका गाजलेल्या क्रमवारीत दुसरा नंबर होता. २०२२ मध्ये तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकांनी बसून हिशोब तपासला आणि विद्यापीठाने कळवलेले वर्गातल्या मुलांच्या संख्येचे आणि प्राध्यापकांच्या पदव्यांचे आकडे जुळत नाहीत असं दाखवून दिलं. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्यावर आलं. मला ही गोष्ट आवडते, कारण "आमच्या वर्गात इतकीच मुलं" हा दावा कुणीतरी वर्गात जाऊन मोजू शकतो. गर्दीचा दावा तसा खोडताच येत नाही. गर्दी होती, एवढंच. का होती ते कोण विचारणार?

मग आम्ही तेच केलं, मोजता येईल ते शोधलं. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. ती फाइल फार कमी पालक उघडतात. तिच्यात शिक्षकांची नावानिशी यादी असते: पदवी, अनुभव किती महिने, रुजू कधी झाले, कायम की कंत्राटी, सध्या आहेत की सोडून गेले. किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, पगाराचा मधला आकडा किती, तेही असतं.

मुलीने दाखवलेल्या त्या वरच्या नंबरच्या विद्यापीठाची फाइल उघडली. मुलगी रुजू तारखांवरून बोट फिरवत गेली. बरेचसे शिक्षक त्याच वर्षी आलेले, आणि मागच्या वर्षी आलेल्यांतले बरेच निघून गेलेले. ती काही बोलली नाही, फक्त पुन्हा वर जाऊन मोजलं. मग तालुक्यापासून चाळीस किलोमीटरवरच्या एका अनुदानित कॉलेजची फाइल उघडली. तिथे दुसरंच दुखणं: कायम शिक्षक थोडे, बाकी तासिका तत्त्वावरचे. पण तिला हव्या त्या वनस्पतिशास्त्राला एक मॅडम गेली अठरा वर्षं तिथेच. मुलींचं वसतिगृह आहे. शिष्यवृत्ती लागू आहे. पहिल्या ठिकाणी ती लागू होते का, हे विचारायला दिलेला नंबर थेट प्रवेश विक्रीवाल्यांकडे जात होता. त्यांचा उलट फोन मात्र पाच मिनिटांत आला आणि नंतर दिवसभर येत राहिला.

काकांनी दोन्ही फायलींच्या प्रिंट मागितल्या. मी म्हटलं पानं पुष्कळ आहेत, नुसती शिक्षकांची काढतो. मुलीने तोवर अनुदानित कॉलेजचा फोन लावला होता. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. काकांची मान हलायला लागली. तिसऱ्यांदा शिपायाने उचलला. तिने स्पीकरवर टाकून मॅडमना विचारायचं आहे म्हटलं.

"मॅडम तासावर हायेत. एक वाजता कर."

फोन ठेवला. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, अकरा-चाळीस झाले होते. "थांबू मंग एक वाजेपर्यंत," ते म्हणाले आणि बाकावर सरकून मुलीला जागा करून दिली.